जऊळक्याची लाईन

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं जऊळका अकोला–पूर्णा लोहमार्गावर आहे. गावाला स्थानक मिळालं आणि नाव 'जऊळका रेल्वे' होऊन बसलं. पण रब्बीच्या दिवसांत या भागातल्या शेतकऱ्यानं 'लाईन आली काय?' असं विचारलं, तर तो गाडीची चौकशी करत नसतो. त्याला थ्री फेज विजेची वाट असते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं असतं आणि शेतीच्या फीडरवरची वीज पाळ्यांनी येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. पौषातल्या थंडीत रात्री दीड वाजता बांधावर जायचं, ओल्या सरीत पाय टाकायचा, हातात बॅटरी आणि मनात विंचूकाट्याची धास्ती. वऱ्हाडात या अनुभवाची कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही.

त्यावर लोकांनी आपापला इलाज शोधला. मोटरच्या पेटीत बसवलेलं एक लहानसं उपकरण, ऑटो स्विच. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते आणि शेतकऱ्याची झोप वाचते. पण डीपीची, म्हणजे रोहित्राची, पंचाईत होते. एका फीडरवरच्या शंभर पेट्यांतले शंभर ऑटो स्विच एकाच क्षणी जागे होतात, आणि प्रत्येक मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दाब कोसळतो, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. मग ती बदलून येईपर्यंत हरभरा तहानलेला राहतो. ज्याला दोष द्यावा असा एकही माणूस या गोष्टीत सापडत नाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं शहाणपण केलेलं असतं.

गावची वीज गावातच तयार करावी, गावानंच ती वापरावी, असं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर माळावर चमकणाऱ्या निळ्या काचा येतात. अशा गावपुरत्या वीजजाळ्याला मिनीग्रिड म्हणतात. त्याचं नियोजन करणारा माणूस मात्र काचांपासून सुरुवात करत नाही. तो आधी ऑटो स्विच मोजतो.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या कार्यक्रमाच्या वेळी पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या ५ सौर प्रकल्पांचं लोकार्पण झालं. त्यांची एकूण क्षमता १९ मेगावॅट. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातले हे पहिले प्रकल्प. मांडव वाशीमचा होता, पण प्रकल्प छत्रपती संभाजीनगर, नांदेड, कोल्हापूर, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतले. वाशीमच्या माणसाला अशा वेळी जे वाटतं ते इथं लिहायला नको. तरी या निमित्तानं एक प्रश्न विचारता येतो. उद्या जऊळक्यासारख्या गावानं आपल्या विजेची आखणी स्वतः करायचं ठरवलं, तर वही उघडून पहिल्या पानावर काय लिहावं?

मिनीग्रिड समजायला पाण्याची उपमा सोपी पडते. प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेत दूरच्या धरणातून पाइपलाइन येते, वाटेत पन्नास गावं पीत जातात आणि शेवटच्या गावाला कधी पाणी मिळतं, कधी नुसती हवा. महावितरणचं जाळं साधारण या जातीचं. अकोला जिल्ह्यातल्या पारसला ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, म्हटलं तर जऊळक्याच्या शेजारचंच. पण तिथली वीज 'आपली' नसते. ती राज्याच्या सामाईक धरणात पडते आणि तिथून वाटली जाते. मिनीग्रिड म्हणजे गावच्या विहिरीवरची नळयोजना. पॅनेल ही विहीर, इन्व्हर्टर हा पंप, बॅटरी ही उंचावरची टाकी, आणि खांब-तारा हे नळ. टाकी केवढी बांधायची हे विहिरीला किती पाणी आहे यावर ठरत नाही. बाया कोणत्या वेळी हंडे घेऊन येतात, त्यावर ठरतं.

भारत सरकारनं २०१६मध्ये मिनीग्रिड धोरणाचा मसुदा काढला, त्यात १० किलोवॅट आणि त्याहून मोठ्या यंत्रणेला मिनीग्रिड म्हटलं होतं. त्याखालची ती मायक्रोग्रिड. जगात या दोन्ही जातींचा पसारा मोठा आहे. जागतिक बँकेच्या २०२२च्या अहवालानुसार सुमारे २१,५०० मिनीग्रिड ४ कोटी ८० लाख लोकांना वीज देत होते. त्यातले बरेचसे आशिया आणि आफ्रिकेतले, जिथं मोठी तार पोहोचलेलीच नाही अशा जागचे.

आता वही. इथले आकडे जऊळक्याचे नाहीत, तशा आकाराच्या गावाचा तो अंदाज आहे, हिशेब कळावा म्हणून मांडलेला. समजा ५०० घरं. दिवे, दोन पंखे, टीव्ही, काहींकडे फ्रिज. सरासरी घरटी रोज २ युनिट धरले की १,००० युनिट झाले. रस्त्यावरचे २० वॅटचे १५० दिवे ११ तास जळले की ३३ युनिट. नळयोजनेची १० एचपीची मोटर ५ तास चालली की ३७. पिठाच्या ३ चक्क्या, १० एचपीच्या, ४ तास दळत राहिल्या की ९०. दुकानं, शाळा, दवाखाना, बँक, ग्रामपंचायत मिळून दीडशे. बेरीज तेराशेच्या आसपास जाते.

विदर्भाच्या उन्हात १ किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीनं रोज ४ युनिट देतं. तारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांतली गळती वजा केली की हाती ३ उरतात. म्हणजे ४३० किलोवॅटची पॅनेल आणि पावणेदोन एकर जागा. इथपर्यंत हिशेब सातवीतल्या पोरालाही जमेल. हिशेब बिघडतो तो दिवेलागणीला. तेराशेतले सातशे युनिट सूर्य मावळल्यावर लागतात, कारण माणसं शेतातून घरी येतात, पंखे लागतात, मालिका सुरू होतात. तेवढी वीज दिवसा साठवायची तर, बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते हे धरून, ९०० युनिटची बॅटरी हवी. ही एका रात्रीची झाली. श्रावणाची झड लागली आणि तीन दिवस सूर्याचं तोंड दिसलं नाही तर? तीन दिवसांची टाकी बांधावी, तर ती वर्षातले साडेतीनशे दिवस नुसती भरून बसेल आणि तिचं व्याज मात्र रोज चढेल.

मिनीग्रिड महाग पडतो तो इथं. गेल्या १५ वर्षांत पॅनेल खूप स्वस्त झाली, बॅटऱ्याही उतरल्या, पण 'कधीही बटण दाबलं की दिवा' ही सवय अजून महागच आहे. यातून वाट काढायला संगणकाच्या प्रणाली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात तयार झालेली 'होमर' ही त्यांतली सर्वांत परिचित. तासातासाचं ऊन आणि तासातासाचा वापर दिला की पॅनेल, बॅटरी, डिझेल यांचा सर्वांत स्वस्त मेळ ती सांगते. तासातासाचा वापर तिला कोण देणार, एवढीच अडचण. तो आकडा गावातच मिळतो, तोही कुणी वर्षभर लिहून ठेवला असेल तर.

आणि मग वहीच्या पुढच्या पानावर शेती येते.

समजा शिवारात पाच एचपीच्या २०० मोटरी आहेत. ५ एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या जवळपास. त्या ६ तास चालल्या की सुमारे ४,५०० युनिट. सगळं गाव मिळून जेवढं वापरतं त्याच्या तिपटीहून जास्त! पहिल्यांदा हा आकडा पाहणारा दचकतो; एवढा बोजा चिमुकल्या ग्रिडवर कसा टाकायचा? पण याच बोज्याची एक गोष्ट मोलाची आहे. हरभरा वेळेचा हट्ट धरत नाही. त्याला रात्री दीडला पाणी दिलं काय आणि दुपारी बाराला दिलं काय, सारखंच. रात्रीच्या पाळीची सोय पिकाची नव्हती आणि शेतकऱ्याचीही नव्हती, ती वीजयंत्रणेची होती. हा वापर दिवसा आणला तर त्याला बॅटरीची गरजच उरत नाही. ऊन पडलं, मोटर चालली, पाणी सरीत गेलं. जमिनीतली ओल हीच साठवण.

घरांसाठी टाकी लागते, शेताला लागत नाही. एवढं एक वाक्य ज्याला कळलं त्याला भारतातल्या खेड्याच्या सौर नियोजनाचं अर्धं गणित कळलं, असं म्हणायला हरकत नाही.

मात्र मोटरींचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्च. खरिपात सोयाबीन आणि तूर पावसावर असतात, मोटरी मुक्या. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात. गाव मोठ्या जाळ्यापासून तुटलेलं असेल, तर शेतासाठी लावलेली पॅनेल अर्धं वर्ष नुसतीच तापत पडतील. जाळ्याला जोडलेलं असेल, तर तीच वीज दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. जिथं तार पोहोचली आहे तिथं वेगळी चूल मांडण्यात अर्थ नाही, हे भावनेचं नव्हे, पीकपाण्याच्या वेळापत्रकाचं म्हणणं आहे.

बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातलं धरनई गाव हे फार महागात शिकलं. तीसेक वर्षं अंधारात असलेल्या या गावात जुलै २०१४मध्ये ग्रीनपीस संस्थेनं १०० किलोवॅटचा सौर ग्रिड उभारला. ७० किलोवॅट घरं, दुकानं आणि रस्त्यांसाठी, ३० किलोवॅट पाण्याच्या पंपांसाठी. ४५० घरांना दिवे लागले, देशभर बातम्या झाल्या. पण उद्घाटनाला बिहारचे नेते नीतीशकुमार आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्याकडे 'असली बिजली' मागितली. सौर विजेवर फ्रिज लावू नका, अमुक वापरू नका, अशा अटी होत्या. लोकांच्या लेखी ती नकलीच ठरली. त्यानंतर लवकरच सरकारी तार गावात आली. सौर विजेचा दर युनिटला ९ रुपये आणि तारेवरच्या विजेचा ३, असा फरक तिथल्या लोकांनी पत्रकारांना सांगितला. पुढं बॅटऱ्या थकल्या, कुणी बदलल्या नाहीत, आणि काही वर्षांनी त्या केंद्राच्या आवारात गुरं बांधलेली लोकांनी पाहिली.

या गोष्टीवर हसणं सोपं आहे. धरनईच्या लोकांचं मात्र काही चुकलं नव्हतं. शहरातल्या माणसाला बटण दाबताना कुणी अटी घालत नाही. त्यांनीही तीच वीज मागितली. चूक आखणीत होती. मोठी तार आल्यावर या ग्रिडचं काय करायचं, हा प्रश्न वहीत लिहिलेलाच नव्हता.

महाराष्ट्रात दरेवाडीचा अनुभव वेगळा. पुणे जिल्ह्याच्या डोंगरातली ही ३९ घरांची वस्ती. पुण्याच्या 'ग्राम ऊर्जा' या संस्थेनं २०१२मध्ये तिथं ९.४ किलोवॅटचा ग्रिड उभारला, पैसे मुख्यतः बॉश सोलर कंपनीचे. सरकारी मसुद्याच्या व्याख्येनं तो मिनी नव्हे, मायक्रो. पण त्याची आखणी अनेक मोठ्या प्रकल्पांपेक्षा नेटकी होती. यंत्रणा गावच्या न्यासाच्या ताब्यात, प्रत्येक घराला मीटर, वापराप्रमाणे बिल, आणि जमा झालेल्या पैशातून देखभाल अन् पुढच्या बॅटरीची तरतूद. बॅटरी फुकट मिळाली तरी तिची दुसरी पिढी फुकट मिळत नाही, हे तिथं पहिल्याच दिवशी मान्य केलेलं होतं. ३९ घरांत कोण बिल भरत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. ५०० घरांत तेवढं सोपं नाही, आणि तो न्यासाचा दोष नव्हे, संख्येचा आहे.

बिहारातल्याच पश्चिम चंपारणमध्ये 'हस्क पॉवर'नं २००७च्या सुमारास तमकुहा गावापासून दुसरी वाट धरली. भाताच्या तुसापासून गॅस करायचा, त्यावर इंजिन चालवायचं आणि संध्याकाळची वीज विकायची. वऱ्हाडात भात नाही, पण तुराट्या आणि पऱ्हाट्या आहेत. त्यांचा गॅसही होतो. कागदावर हे सुरेख दिसतं: दिवसा सूर्य, रात्री तुराटी. पण तुराटी आज कुठं जाते ते आधी पाहावं. ती चुलीत जाते, कुडाला लागते, गरिबाच्या घरी तिला किंमत आहे. तूस आधी कुणी विचारत नव्हतं, गिऱ्हाईक उभं राहिल्यावर त्याचाही भाव चढला. पुढं हस्क पॉवरनं सौर पॅनेल आणि बॅटरीचा आधार घेतला. वाऱ्याचं म्हणाल तर साताऱ्याच्या पठारावर किंवा धुळ्याकडे पवनचक्क्या शोभतात, वाशीमच्या वाऱ्यावर कुणी फार विसंबू नये.

तुरीचा दुसरा उपयोग जास्त कामाचा आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं लहान गावांसाठी 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' तयार केली. गावच्या तुरीची डाळ गावातच. अशा यंत्राला दुपारची वीज चालते, चक्कीलाही चालते. मिनीग्रिड जिथं टिकले तिथं बहुधा अशी दुपारची गिऱ्हाइकं होती. दिव्यांच्या पैशावर ग्रिड चालत नाही, कारण एलईडी दिवा खातोच किती? विजेचा धंदा करायचा तर मोटर फिरली पाहिजे. आखणी करणाऱ्यानं पॅनेलवाल्याला भेटण्याआधी चक्कीवाल्याला भेटावं. त्यानं संध्याकाळऐवजी दुपारी दळायचं कबूल केलं, तर तेवढी बॅटरी वाचली.

कायद्याची अडचण आहे का? फारशी नाही. वीज कायदा २००३च्या कलम १४नुसार अधिसूचित ग्रामीण भागात कुणीही वीज तयार करून विकू शकतो, परवाना लागत नाही. अडचण पुढं, मोठ्या तारेशी लग्न लावताना येते. या बाबतीत कंबोडियाचा दाखला पाहण्यासारखा आहे. यादवी संपल्यावर तिथल्या गावोगावच्या लहान व्यापाऱ्यांनी डिझेलचे जनित्र लावून वीज विकायला सुरुवात केली. २००१च्या कायद्यानंतर सरकारनं त्यांना परवाने दिले, तारा नीट करायला लावल्या, आणि मोठं जाळं आलं तेव्हा त्यांना हाकललं नाही. घाऊक वीज जाळ्याकडून घ्या, किरकोळ गावात विका, असं सांगितलं. अडीचशेच्या आसपास असे व्यापारी वितरक बनले.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही, विसरलेला आहे. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर परिसरात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था चार दशकं हेच करत होती. वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना विकायची. सहकाराच्या त्या मुलखात साखरेइतकीच विजेचीही सोसायटी असू शकते, ही कल्पना १९७०च्या सुमारास लोकांना मुळीच विचित्र वाटली नव्हती. पण शेतीपंपांचे दर आणि वसुली यांचा मेळ बसेना, थकबाकी डोंगराएवढी झाली, आणि २०११मध्ये परवाना संपल्यावर तो भाग महावितरणकडे गेला. गावानं वीज चालवावी असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं आधी श्रीरामपूरची ही कहाणी वाचावी. तिथं तारा निकामी झाल्या नव्हत्या, खातेवही झाली होती.

आता तर राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४पासून मोफत वीज आहे. जी वीज सरकारी तारेवर फुकट मिळते ती गावच्या ग्रिडकडून पैसे मोजून कोण घेणार? स्वतंत्र मिनीग्रिडचा शेतीवरचा धंदा इथं संपतो. म्हणूनच महाराष्ट्रात ही कल्पना वेगळ्या वेशात आली आहे.

तो वेश म्हणजे सौर कृषी वाहिनी. योजना २०१७ची, सुरुवात राळेगणसिद्धीपासून. २०२३पासून दुसरा टप्पा. तत्त्व साधं आहे. तालुक्यात ठिकठिकाणी ३३/११ केव्हीची उपकेंद्रं असतात, तिथून गावठाणाचं फीडर वेगळं आणि शेतीचं वेगळं निघतं. त्या उपकेंद्राच्या ५-१० किलोमीटरच्या आत काही मेगावॅटची पॅनेल लावायची आणि शेतीच्या फीडरला दिवसा तीच वीज द्यायची. २ मेगावॅटला साधारण ८ एकर. पडीक सरकारी जमीन घ्यायची किंवा खासगी जमीन भाड्यानं, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला ३ वर्षं दरवर्षी ५ लाख. गावाला बिलं वसूल करायची नाहीत, बॅटरी सांभाळायची नाही. दुसऱ्या टप्प्यात पहिल्यांदा पूर्ण झालेला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावचा, ३ मेगावॅटचा. आणि रात्री दीडची पाळी? ती जाते. वर मांडलेल्या वहीतलं दुसरं पान सरकारनं आपल्या हिशेबात घेतलं, असंच म्हणायला हवं.

जागेवर पोहोचल्यावर बारीक गोष्टी बोलू लागतात. जऊळका सुमारे २० अंश अक्षांशावर आहे, म्हणजे पॅनेल दक्षिणेकडे साधारण तेवढीच कललेली हवीत. मे महिन्यातलं ऊन पॅनेलला फार आवडतं असा समज आहे. खरं तर काच आतून ६०-६५ अंशांपर्यंत तापते आणि २५ अंशांवरच्या प्रत्येक अंशाला वीज जवळपास ०.४ टक्क्यांनी घटते. चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चचे, हवा गार आणि आभाळ स्वच्छ. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की सगळ्या शिवारावर बारीक भुसा उडतो आणि तो काचांवर बसतो. नेमका तेव्हाच रब्बीचा पहिला ओलावा द्यायचा असतो. काचा धुवायला पाणी कुठून आणायचं, हे निविदेत एका ओळीत असतं, गावात तो भांडणाचा विषय होऊ शकतो. आणि ऑटो स्विच इथंही आहेच. सकाळी फीडर सुरू होताच सगळ्या मोटरी एकदम उठल्या, तर पॅनेल असोत की पारस, डीपीला फरक पडत नाही. मोटरी टप्प्यानं सुरू करायच्या, प्रत्येकीला कॅपॅसिटर लावायचा, ही कामं कुठल्याही लोकार्पणाच्या फलकावर लिहिली जात नाहीत.

आणखी एक गोष्ट बहुतेक लोकांना माहीत नसते, आणि ती कळली की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. जाळ्याला जोडलेलं सौर केंद्र लाईन गेल्यावर स्वतःही बंद पडतं. मुद्दाम तसं केलेलं असतं. वरून लाईन बंद केली म्हणून वायरमन खांबावर चढला आणि खालून पॅनेलनं तारेत वीज सोडली, तर त्याचा जीव जाईल. त्यामुळे तारेवरचा दाब नाहीसा झाला की इन्व्हर्टर निमूट थांबतो. गावाशेजारी २ मेगावॅटची पॅनेल असली, भर दुपारचं ऊन असलं, तरी वादळानं मुख्य तार तोडली की गाव अंधारातच.

मिनीग्रिड आणि सौर फीडर यांच्यातला खरा फरक हा आहे. मोठ्या जाळ्यापासून सुटं होऊन आपल्या पायावर उभं राहायचं, तर बॅटरी हवी, जाळ्याचा दाब स्वतः धरून ठेवणारा वेगळ्या जातीचा इन्व्हर्टर हवा आणि मुख्य तारेपासून खात्रीनं तोडणारा स्विच हवा. गुजरातमधल्या मोढेरा गावासाठी २०२२मध्ये ६ मेगावॅटच्या केंद्राला १५ हजार युनिटची बॅटरी जोडली, शिवाय घराघरांवर पॅनेल. खर्च अर्थातच सरकारी तिजोरीतून. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली, घरांच्या छपरांवर पॅनेल लावून. दोन्ही गावं कौतुकाची, पण मोढेऱ्याची बॅटरी प्रत्येक गावाला परवडणार नाही आणि मान्याचीवाडीची छपरं लाईन गेल्यावर सहसा थांबतात.

मग जऊळक्यासारख्या गावानं काय मागावं? सगळ्या गावाला रात्रभर पुरेल अशी बॅटरी मागण्यात राम नाही. गावठाणातला एक छोटा तुकडा मात्र सुटा करता येतो: दवाखान्यातला लसींचा फ्रिज, नळयोजनेची मोटर, पोलीस ठाणं, मोबाईल टॉवर, रस्त्यावरचे दिवे. यांची बेरीज दिवसाला शे-दीडशे युनिटच्या पलीकडे जात नाही, आणि तेवढी बॅटरी आज आटोक्यातली आहे. बाकी गावठाण नेहमीच्या तारेवर, शेती सौर फीडरवर. एका गावात तीन तऱ्हेची वीज, तीन वेगवेगळ्या कारणांसाठी. विदेशातल्या अहवालांत मिनीग्रिडचं जे चित्र असतं त्याच्याशी हे जुळत नाही, कारण ते चित्र अंधारातल्या बेटांसाठी काढलेलं असतं. वाशीम बेट नाही. तार आहे, तिच्यावर वीज कोणत्या घटकेला येते, एवढंच अवघड आहे.

२००४च्या सरकारी व्याख्येनुसार गावातल्या १० टक्के घरांत वीज पोहोचली, शाळा-दवाखान्यात गेली, की गाव विद्युतीकृत. त्या हिशेबानं २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधलं लेइसांग जोडलं गेलं आणि देशातली सगळी गावं प्रकाशली. जऊळक्याचं नाव अशा यादीत कधीच शोधावं लागणार नाही. त्यामुळे इथल्या वहीत लिहायचा मजकूर वेगळा: प्रत्येक डीपीवर संध्याकाळी सातला किती बोजा होता, पौषात किती, श्रावणात किती, आणि लाईन गेली ती किती वाजता आली. महागडं उपकरण लागत नाही, वायरमनकडे चिमट्याचा मीटर असतो. वर्षभराच्या अशा नोंदी हातात घेऊन ग्रामपंचायत उपकेंद्रावर गेली, तर तिच्याशी बोलण्याची रीत बदलेल.

पहिल्या पावसाआधी मे-जूनमध्ये वळवाचं वादळ येतं. खांब आडवे होतात, तारा ज्वारीच्या ताटांसारख्या लोळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं असतं आणि माळावरच्या काचांवर कोवळं ऊन पडतं. सौर केंद्रात इन्व्हर्टरच्या पडद्यावर एवढंच उमटलेलं असतं की समोर तार नाही, वाट पाहत आहे. गावात बाया नळाखाली हंडे ठेवून बसलेल्या असतात, आणि शेतातल्या पेट्यांत ऑटो स्विच तयार असतात, लाईन येताच एकदम उठायला.